शहरानें वेढलेली शेती : जपानांतील कोदाइरा

मोठें शहर जवळ असणें हें शेतकऱ्याला वरदान कीं संकट, या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं. शहरामुळें भाजीपाल्याला, दुधाला व फळांना हुकमी गिऱ्हाईक मिळतें. पण तेंच शहर वाढत वाढत बांधापर्यंत आलें म्हणजे जमिनीचा भाव पिकाच्या उत्पन्नाशीं कांहींएक संबंध न ठेवतां चढूं लागतो, आणि शेती करणाऱ्या मनुष्याची व्यवहारी लोकांत वेड्यांत गणना होऊं लागते. या प्रश्नाची पुरती परीक्षा ज्या थोड्या ठिकाणीं झाली आहे, त्यांपैकीं जपानांतील कोदाइरा हें एक होय. टोकियो या अफाट राजधानीच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर असलेल्या या शहरांत आज दोन लाखांच्या जवळपास वस्ती आहे. तेथील पुष्कळ माणसें रोज आगगाडीनें टोकियोस कामाला जातात; आणि तरीही घरांच्या रांगांमध्यें पालेभाजीचे वाफे व फळबागा अद्याप जिवंत आहेत. त्या कशा टिकल्या, कोणत्या कायद्यांच्या आधारानें टिकल्या, आणि टिकतांना काय गमवावें लागलें, हें आमच्या वाचकांपुढें क्रमानें मांडावें असा या लेखाचा हेतु आहे.

स्थान व जमीन : कोदाइराचें क्षेत्रफळ सुमारें साडेवीस चौरस किलोमीटर, म्हणजे पांच हजार एकरांच्या आंतबाहेर आहे. हा सर्व प्रदेश मुसाशीनो नांवाच्या पठारावर आहे. शहराच्या नांवांतच त्याचें वर्णन आलें आहे : 'को' हें ओगावा या मूळ गांवाच्या नांवांतील 'लहान' या अर्थाचें अक्षर, आणि 'दाइरा' म्हणजे सपाट. तामा नदीनें प्राचीन काळीं आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरांवर फुजी, हाकोने इत्यादि ज्वालामुखींची राख बसत जाऊन ही जमीन तयार झाली. राखेची ही तांबूस-पिंगट माती भुसभुशीत, खोल व मशागतीस हलकी आहे. मुळा, गाजर, रताळें यांसारखीं जमिनींत पोसणारीं पिकें तींत चांगलीं येतात. परंतु तिच्यांत तीन मोठे दोष आहेत. पहिला असा, कीं अशा मातींत स्फुरद अडकून राहतें व पिकाला सहज मिळत नाहीं. म्हणून भरपूर सेंद्रिय खत घातल्यावांचून ती पीक देत नाहीं. दुसरा असा, कीं हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यांत ती धुळीसारखी उडून जाते. तिसरा व सर्वांत मोठा दोष म्हणजे पाणी. पावसाचें पाणी खालच्या गोट्यांतून झिरपून फार खोल जातें, आणि जुन्या काळच्या साधनांनीं तेथपर्यंत विहीर नेणें दुरापास्त होतें. त्यामुळें जपान हा भाताचा देश असूनहि येथें भातखाचरें होऊं शकलीं नाहींत, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हें पठार बव्हंशीं ओसाड माळ होतें.

पाटाचें पाणी आणि नवें गांव : तोकुगावा घराण्यानें १६०३ सालीं एदो येथें, म्हणजे आजच्या टोकियोंत, आपली सत्ता थाटली. पुढें शहर इतकें वाढलें कीं पिण्याचें पाणी पुरेना. तेव्हां १६५३ सालीं तामा नदीवरील हामुरापासून एदोच्या वेशीवरील योत्सुयापर्यंत सुमारें ४३ किलोमीटर लांबीचा कालवा खणण्यांत आला. यासच तामागावा कालवा म्हणतात. एवढ्या लांबींत एकंदर उतार मिळाला तो अवघा सुमारें ९२ मीटर, म्हणजे किलोमीटरामागें जेमतेम दोन मीटर. शोएमोन व सेइएमोन या दोघां भावांनीं हें काम पार पाडलें, व त्याबद्दल त्यांना 'तामागावा' हें आडनांव मिळालें. ज्यांना पाटाच्या पाण्याची माहिती आहे, त्यांना या कालव्याच्या आंखणींतील मर्म सहज कळेल. तो पठाराच्या माथ्यावरून नेलेला असल्यामुळें त्याच्या दोन्ही बाजूंस केवळ उतारानें पाणी काढतां येत असे.

या सोयीचा फायदा प्रथम घेणाऱ्यांत ओगावा कुरोबेई हा एक होता. एदोच्या किल्ल्यासाठीं लागणारा चुना ओमे येथील डोंगरांतून याच पठारावरून घोड्यांवर लादून नेत. वाटेंत कित्येक कोस पाण्याचा थेंब मिळत नसे. माणसें व जनावरें दोघांचेहि हाल होत. कुरोबेईनें १६५६ सालीं परवानगी मिळवून या रस्त्यावर वस्ती करण्यास आरंभ केला. कालव्यांतून एक फांटा मिळाला, प्रवाशांचे घोडे बदलण्याचें ठाणें झालें, व ओगावा गांव उभें राहिलें. पुढें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सरकारनें नवी लागवड वाढविण्याचें धोरण स्वीकारल्यावर आसपास आणखी गांवें वसलीं. अशीं सात गांवें एकत्र करून १८८९ सालीं कोदाइरा हें गांव बनविण्यांत आलें. १९४४ सालीं त्याला कसब्याचा व १९६२ सालीं शहराचा दर्जा मिळाला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. फांट्याचें पाणी मुख्यतः पिण्यासाठीं व घरच्या वापरासाठीं होतें. शेतें कोरडवाहूच राहिलीं. पाण्यानें माणसाला तेथें राहतां आलें, इतकेंच. त्या मातींतून पीक काढण्याची युक्ति निराळीच होती.

पट्ट्यांची रचना : ती युक्ति जमिनीच्या वांटणींत होती. प्रत्येक कुटुंबाला रस्त्याच्या कडेस अरुंद तोंडाचा, पण मागें कित्येकशें मीटर लांब गेलेला पट्टा मिळाला. रस्त्याकडून आंत गेलें म्हणजे प्रथम घर लागे. घराभोंवतीं वारा अडविण्यासाठीं केयाकी जातीचीं उंच झाडें व बांबू. जवळूनच पाण्याचा पाट वाहत असे. घराच्या मागें शेत; आणि शेताच्या पलीकडे, पट्ट्याच्या टोंकाला, ओक व तत्सम झाडांची राई राखलेली असे. या पठारावर शेताच्या बांधांवर चहाचीं झुडुपें लावण्याचीहि चाल होती. तीं माती उडूं देत नसत व घरापुरता चहाहि देत.

ही राई हौसेची नव्हती. शेताचें अर्धें बळ तिच्यांत होतें. झाडें ठराविक वर्षांनीं बुडाशीं तोडीत. बुंध्यांना पुन्हां फुटवे येत, आणि लांकूड व कोळसा यांची तरतूद होई. हिवाळ्यांत गळलेला पाला झाडून, ढीग करून कुजवीत, व तें खत शेतांत घालीत. राखेच्या मातीला ज्या सेंद्रिय द्रव्याची सततची भूक असते, ती या पाल्यानें भागे. याशिवाय कोंडा, राख यांसारखीं खतें विकत घ्यावीं लागत. एदोच्या भोंवतालचे शेतकरी शहरांतील मैलाहि विकत घेऊन जात व त्याच्या बदल्यांत पैसे किंवा भाजी देत. शहर पोटास घेई तें खताच्या रूपानें परत करी. ही देवघेव फार काळ चालली. दुसऱ्या महायुद्धांत मोटारींना तेल मिळेनासें झालें, तेव्हां १९४४ सालीं टोकियोंतील मैला बाहेर नेण्याचें काम सेइबू व तोबू या खाजगी रेल्वेंना करावें लागलें. सेइबू रेल्वेची तशी गाडी लोक थट्टेनें 'सोन्याची गाडी' म्हणत. सोनखत हा शब्द ज्या भाषेंत आहे, त्या भाषेच्या वाचकांस ही थट्टा समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

पिकें अर्थात् कोरडवाहू असत : जव, गहूं, राळा व इतर हलकीं धान्यें, कुट्टू, रताळीं, मुळे. तांदूळ नसल्यामुळें सणासमारंभाला गव्हाच्या पिठाच्या हातानें केलेल्या जाड शेवया, ज्यांस तेथें 'उदोन' म्हणतात, त्या करण्याची रीत पडली; ती आजही या भागाची खूण समजली जाते. पुढें रेशमाला भाव आला तेव्हां तुतीची लागवड वाढली, व रेशीम पडलें तेव्हां ती मागें हटून भाजीपाला आला.

शहर येतें : कोदाइराच्या हद्दींत पहिली आगगाडी १८९४ सालीं आली व ओगावा येथें स्टेशन झालें. परंतु खरा पालट १९२३ सालच्या भयंकर भूकंपानंतर झाला. टोकियोचा मोठा भाग जळून गेल्यावर लोकांची दृष्टि पश्चिमेकडील मोकळ्या माळाकडे वळली. जमीन-विकासाचा धंदा करणाऱ्या कंपनीनें येथें विद्यानगरी वसविण्याची योजना आंखली. १९२७ सालीं टोकियोकडून थेट रेल्वे आली. १९३१ सालीं स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची प्रसिद्ध त्सुदा संस्था येथें आली. तिच्या संस्थापिका त्सुदा उमेको, ज्यांना लहान वयांत १८७१ सालीं सरकारनें शिक्षणासाठीं अमेरिकेस धाडलें होतें, त्यांची समाधि याच आवारांत आहे. शाळा आल्या, त्यांच्या मागून घरें आलीं. महायुद्धानंतर कारखाने व सरकारी वसाहती आल्या, आणि १९६० नंतर घरांचा पूर लोटला. पट्ट्यांची जुनी रचना या बांधकामाला फार सोयीची ठरली. लांब पट्ट्याच्या मध्यें एक गल्ली काढावयाची आणि दोन्ही बाजूंस घरें बांधावयाचीं! आजही कोदाइराच्या नकाशावर एकमेकींशीं समांतर अशा लांबच लांब गल्ल्या दिसतात. त्या साडेतीनशें वर्षांपूर्वीं आंखलेल्या बांधांच्याच रेषा होत.

दोन कायदे, दोन बाजूंनीं : याच सुमारास जपानांतील शेतकऱ्यांची कायदेशीर स्थिति पालटली होती. महायुद्धानंतर १९४६ पासून झालेल्या जमीन-सुधारणेनें कुळें आपापल्या जमिनींचीं मालक झालीं. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु १९४७ सालच्या दुरुस्तीनें वारसाहक्काचा कायदाहि बदलला. पूर्वीं घर व जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. आतां सर्व मुलांचा समान हक्क झाला. न्यायाच्या दृष्टीनें हें योग्यच होतें. पण जेथें शेताचा तुकडा घराच्या भावानें विकला जाऊं लागला होता, तेथें शेती न करणाऱ्या भावंडांचा हिस्सा रोख देणें शेती करणाऱ्या वारसाला कसें शक्य होणार? पिकाच्या उत्पन्नांतून तें होणें नव्हतें. जमीन विकूनच होणार होतें.

त्यावर १९६८ सालीं नवा नगररचना कायदा आला. त्यानें शहरांच्या परिसराचे दोन भाग पाडले : एक, जेथें बांधकाम रोखून धरावयाचें, आणि दुसरा, जो सुमारें दहा वर्षांत शहर म्हणून बांधून काढावयाचा. कोदाइरासारखा राजधानीलगतचा प्रदेश दुसऱ्या भागांत गेला. तेथील शेत बिनशेती करण्यास परवानगीचीहि जरूर उरली नाहीं, शेतकी समितीला नुसती वर्दी दिली म्हणजे झालें. सरकारच्या लेखीं तेथील शेत म्हणजे अद्याप न बांधलेलें घर होतें. मग कराचा प्रश्न पुढें आला. घरें कमी, भाव भडकलेले. तेव्हां शेतकरी जमीन अडवून बसतो असा बोभाटा झाला, आणि शहरांतील शेतांवर घराच्या जागेप्रमाणें कर बसवावा असें ठरलें. शेतकऱ्यांनीं याला कसून विरोध केला. एका गुंठ्यांतील कोबीच्या उत्पन्नांतून त्या गुंठ्याचा घरपट्टीसारखा कर भरणें अशक्य होतें, हें त्यांचें म्हणणें हिशेबास धरूनच होतें.

तीस वर्षांचें बंधन : या झगड्यांतून १९७४ सालीं 'उत्पादक हरित भूमि' कायदा निघाला, व १९९१ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती होऊन १९९२ पासून शेतकऱ्याला स्पष्ट निवड करावी लागली. ती निवड अशी होती. जो शेतकरी आपल्या जमिनीची हरित भूमि म्हणून नोंद करील, त्याला शेतजमिनीचाच अल्प कर पडेल. पण तीस वर्षेंपर्यंत त्या जमिनीवर घर बांधतां येणार नाहीं, व ती शेती म्हणूनच राखावी लागेल. जो नोंद करणार नाहीं, तो जमीन केव्हांहि विकण्यास मोकळा. पण त्याला कर घराच्या जागेचा भरावा लागेल. नोंदीसाठीं जमीन निदान ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारें पांच गुंठे असली पाहिजे, अशी अट होती. तीस वर्षें संपल्यावर, अथवा मुख्य शेती करणारा मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला तर, नगरपालिकेस ती जमीन बाजारभावानें विकत घेण्याची विनंति करतां येते. नगरपालिकेनें घेतली नाहीं व दुसरा शेतकरीहि पुढें आला नाहीं, तर तीन महिन्यांनीं बंधन सुटतें.

तीस वर्षें म्हणजे शेतकऱ्याच्या कर्त्या वयाचा बहुतेक सारा काळ. चाळिशींतील मनुष्यानें सही केली ती सत्तरीपर्यंत बांधून घेण्यासाठीं. भोंवतालीं जमिनीचे भाव आकाशास भिडलेले असतांना ज्यांनीं ही सही केली, त्यांच्याच शेतांचें आजचें कोदाइरा साक्षी आहे.

वारसा कर आणि राई : आतां या हकीकतींतील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. जपानांत मृताच्या मालमत्तेवर वारसा कर आहे. त्याचा चढता दर वरच्या टोंकास शेंकडा ५५ पर्यंत जातो, आणि तो मृत्यूची वार्ता कळल्यापासून दहा महिन्यांच्या आंत भरावा लागतो. शहरांतील शेताची किंमत बाजारभावानें धरली तर एका मृत्यूबरोबर शेत संपलेंच. म्हणून १९७५ सालीं अशी सवलत निघाली, कीं वारस शेती चालू ठेवील तर शेताची किंमत केवळ शेतीच्या उत्पन्नास अनुसरून धरावी, आणि बाकीचा कर तहकूब ठेवावा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर टोकियोसारख्या महानगरांच्या परिसरांत ही सवलत हरित भूमीपुरतीच राहिली, व वारसानें मरेपर्यंत शेती केली तरच तहकूब कर माफ होई. मध्येंच शेती सोडली, तर तो सारा कर व्याजासकट द्यावा लागे.

ही सवलत उदार दिसते, व आहेहि. पण तिची व्याख्या पाहावी. सवलत आहे ती शेताला, म्हणजे नांगरलेल्या तुकड्याला. घराची जागा, घराभोंवतींचीं मोठीं झाडें, अवजारांची कोठी, भाजी धुण्या-निवडण्याचें अंगण, आणि मागची राई हीं कायद्याच्या दृष्टीनें शेत नव्हेत. त्यांवर कर बाजारभावानें. समजा, एका शेतकऱ्यामागें दोन एकर शेत, अर्धा एकर राई व घराची जागा राहिली. मुलानें शेती चालविण्याचें कबूल केलें, म्हणून शेतावरचा कर तहकूब झाला. पण राई व घर यांवरील कर रोख आणि दहा महिन्यांत भरावयाचा आहे. तो काय विकणार? जी कर खाते पण कर भरण्यापुरतें उत्पन्न देत नाहीं, ती राई. दुसरा मृत्यु झाला म्हणजे राई नसते. तेव्हां शेताचाच एक कोपरा जातो. अशा रीतीनें आधीं पाल्याचें खत गेलें, मग वाऱ्याचा आडोसा गेला, आणि मग शेत आखडूं लागलें. ज्यांनीं हा कायदा केला, त्यांना शेत राखावयाचेंच होतें; परंतु शेत कशावर जगतें याचा विचार त्या व्याख्येंत आला नाहीं. साडेतीनशें वर्षांपूर्वीं ज्यानें घर, शेत व राई एकाच पट्ट्यांत बसविलीं, त्याला मात्र तीं तीन मिळून एकच वस्तु आहे हें पक्कें ठाऊक होतें.

राज्याचें मन पालटतें : लोकसंख्येची वाढ थांबून ती घटूं लागल्यावर जपानी राज्यकर्त्यांच्या विचारांत बदल झाला. घरांची पूर्वींसारखी टंचाई उरली नाहीं. उलट रिकामीं घरें वाढूं लागलीं. भूकंपाच्या वेळीं लोकांनीं धांव घ्यावयास मोकळी जागा, उन्हाळ्यांत गारवा, पावसाचें पाणी मुरण्यास उघडी जमीन, आणि ताजी भाजी, हे सर्व लाभ शहरांतील शेत देतें, ही गोष्ट मान्य झाली. २०१५ सालीं शहरी शेतीच्या संवर्धनाचा मूलभूत कायदा झाला. व पुढील वर्षीं केलेल्या आराखड्यांत, शहरांतील शेत हें घरांसाठीं मोडावयाची जागा नसून शहरांत असावयासच हवें, असें धोरण सरकारनें जाहीर केलें. सुमारें पन्नास वर्षांपूर्वींच्या धोरणाच्या नेमकें उलट! २०१७ सालच्या दुरुस्तीनें नोंदीची मर्यादा नगरपालिकेच्या ठरावानें ३०० चौरस मीटरांपर्यंत, म्हणजे तीन गुंठ्यांपर्यंत खालीं आणतां येऊं लागली, व अशा जमिनीवर विक्रीचें दुकान किंवा स्वतःच्या मालाची खाणावळ काढण्यासहि मोकळीक मिळाली. २०१८ च्या कायद्यानें हरित भूमि दुसऱ्यास कसण्यास देऊनहि वारसा कराची सवलत राहूं लागली; ज्याला मूल नाहीं किंवा ज्याचीं मुलें नोकरीवर आहेत, त्याला हा मोठाच दिलासा झाला.

१९९२ सालीं नोंदलेल्या जमिनींचीं तीस वर्षें २०२२ सालीं पुरीं झालीं. त्या वर्षीं हजारों शेतें एकदम विक्रीस निघतील अशी सर्वत्र भीति होती. तसें झालें नाहीं. दहा दहा वर्षांनीं बंधन वाढविण्याची नवी सोय आधींच केलेली होती, आणि देशांतील अशा जमिनीपैकीं बहुतांश जमिनीच्या मालकांनीं ती स्वीकारली.

आजची शेती कशी चालते : कोदाइरांतील बहुतेक शेतकऱ्यांकडे आतां थोडकी जमीन उरली आहे. पुष्कळांनीं जमिनीचा कांहीं भाग बिनशेती करून त्यावर भाड्याच्या खोल्या किंवा मोटारी ठेवण्याच्या जागा केल्या आहेत, व त्या भाड्यानें शेताला आधार दिला आहे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु जें शेत आहे, त्यांतून गुंठ्यामागें अधिकांत अधिक काढण्याची त्यांची रीत अभ्यासण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, पिकाची निवड. १९६८ सालीं कोदाइरांत ब्ल्यूबेरी या करवंदासारख्या लहान, निळ्या फळाची लागवड झाली. टोकियोच्या शेतकी व तंत्र विश्वविद्यालयांतील प्राध्यापक इवागाकी यांच्या मार्गदर्शनानें ती झाली, आणि जपानांत विक्रीसाठीं झालेली या फळाची ती पहिली लागवड समजतात. हें झुडूप आम्ल मातींत वाढतें, औषधांच्या फवाऱ्याची त्याला फारशी गरज लागत नाहीं, आणि फळ नाजूक असल्यामुळें दुरून आलेल्या मालापेक्षां जवळच्या मालाला सरस भाव मिळतो. शेजाऱ्याच्या खिडकीपासून दहा पावलांवर शेत असलेल्या मनुष्यानें याहून चांगलें पीक कोणतें निवडावें? उन्हाळ्यांत शहरचीं कुटुंबें बागेंत येऊन स्वतः फळें तोडतात व वजनाप्रमाणें पैसे देतात. तोडणीची मजुरी वांचते ती निराळीच. या भागांत होणारें दुसरें विशेष पीक म्हणजे 'उदो' नांवाची कोंबांची भाजी. तिचे गड्डे थंड डोंगराळ मुलुखांत वाढवून आणतात व सुमारें तीन मीटर खोल भुयारांत लावतात. अंधारांत त्यांना पांढरेशुभ्र, कोंवळे कोंब येतात. राखेची माती घट्ट बसणारी असल्यामुळें अशीं भुयारें ढांसळत नाहींत. मातीचा स्वभाव ओळखून धंदा उभारण्याचें हें नमुनेदार उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट, विक्री. शेताच्या कडेलाच लहानशी मांडणी असते. तींत सकाळीं काढलेली भाजी जुड्या बांधून ठेवलेली, आणि शेजारीं पैशांची पेटी. विकणारा कोणी नसतो. गिऱ्हाईक पैसे टाकून भाजी घेऊन जातें. याशिवाय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचें विक्रीकेंद्र आहे. आणि नगरपालिकेच्या शाळांतील दुपारच्या जेवणासाठीं गांवचीच भाजी घेण्याची व्यवस्था आहे. दलाल, हमाली व वाहतूक यांत जाणारा पैसा अशा रीतीनें शेतकऱ्याच्या पदरांत राहतो. तिसरी गोष्ट, शिकवणी. टोकियोच्याच नेरिमा भागांत १९९६ पासून अशी पद्धत रूढ झाली, कीं शेतकरी आपल्या शेताचे लहान लहान तुकडे पाडतो, बीं, खत व अवजारें पुरवितो, काय व केव्हां पेरावयाचें तें शिकवितो, आणि शहरवासी वर्षाची फी भरून तो तुकडा कसतात व पीक घरीं नेतात. जमीन कुळाच्या ताब्यांत जात नाहीं, कारण शेती शेतकऱ्याचीच राहते. आणि पाऊस लांबला तरी फी आधींच हातीं आलेली असते.

या सर्वांचा एक न दिसणारा लाभहि आहे. ज्या शेजाऱ्यांचीं मुलें त्या शेतांत फळें तोडून मोठीं झालीं, ते शेजारी धुळीची व खताच्या वासाची तक्रार घेऊन नगरपालिकेंत जाण्यापूर्वीं दोनदां विचार करतात.

कालव्याचें काय झालें? हामुरापासून कोदाइराच्या हद्दीजवळपर्यंतचा वरचा भाग आजही टोकियोला पिण्याचें पाणी पुरवितो. खालचा भाग १९६५ सालीं टोकियोंतील जुनें जलशुद्धि-केंद्र बंद झाल्यावर निरुपयोगी झाला. १९८६ सालीं त्यांत शुद्ध केलेलें सांडपाणी सोडून तो पुन्हां वाहता करण्यांत आला, व २००३ सालीं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०१३ सालच्या मे महिन्यांत, कालव्याकांठची राई छेदून जाणाऱ्या एका नियोजित रस्त्याविषयीं कोदाइराच्या नागरिकांनीं सार्वमत घडवून आणलें. निदान निम्म्या मतदारांनीं मत दिलें तरच तें ग्राह्य, अशी अट घातलेली होती. मतदान झालें शेंकडा ३५ च्या सुमारास. त्यामुळें मतपेट्यांतील मतें मोजलींच गेलीं नाहींत. राईची किंमत कळलेले लोक आतां पुष्कळ आहेत; पण ती कळण्याची वेळ बरीच राई गेल्यानंतर आली, हा या गोष्टींतील विषाद आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या जमिनी वाढत्या शहरांच्या वाटेवर आहेत, त्यांना जपानांतील कायदे जसेच्या तसे उपयोगी पडावयाचे नाहींत. तेथील कर निराळे, वारसाचे नियम निराळे. पण तीन गोष्टी कोठेंहि खऱ्या आहेत. शहर येण्याच्या आधीं नियम ठरले तर शेतकऱ्याच्या हातांत कांहीं तरी राहतें. आल्यानंतर ठरले तर जें उरलें असेल तेवढेंच राहतें. घरांतील कोण शेती करणार व इतरांचा हिस्सा कसा भागविणार, हें बापाच्या हयातींत बसून बोललें पाहिजे. दहा महिन्यांच्या मुदतींत घेतलेला निर्णय हा बहुधा दलालाचा निर्णय असतो. आणि शेवटचें असें, कीं शेत म्हणजे केवळ पेरलेला तुकडा नव्हे. विहीर, पाट, बांधावरचीं झाडें, गोठा, खताचा खड्डा व कुरण हीं सर्व मिळून शेत होतें. त्यांतलें एकेक 'पडीक' म्हणून विकून टाकणाऱ्याला आपण शेत राखलें असें वाटत असतें. परंतु कोदाइरांतील ज्या शेतकऱ्यांची राई गेली, त्यांना आज पाल्याच्या खताच्या गोण्या दुकानांतून विकत आणाव्या लागतात.